माल्कमचं अडलेलं वाक्य

अहिल्योत्सव आला की इंदुरात पालखी निघते, राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला हार पडतात आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभागृहात आमच्यासारख्यांना भाषणाला उभं करतात. मीही बरेचदा उभा राहिलोय. भाषणाच्या शेवटाकडे माझं एक हुकमी वाक्य ठरलेलं असे: अहिल्याबाईंना उदंड आयुष्य लाभावं म्हणून हिंदूंच्या बरोबरीने मुसलमानही प्रार्थना करत, आणि हे कुणा भाटाने नाही, सर जॉन माल्कमने लिहून ठेवलंय. माल्कम म्हणजे होळकरांची फौज मोडणारा माणूस. शत्रूची साक्ष म्हटल्यावर टाळ्या पडायच्याच.

मध्यंतरी एका लेखासाठी पृष्ठांक हवा होता म्हणून मूळ पुस्तक काढून बसलो. वाक्य सापडलं. पण त्याच्या आधीचा मजकूर मी आजवर कधी नीट वाचलाच नव्हता. तो वाचला आणि पृष्ठांक लिहून घ्यायचं राहूनच गेलं. वाक्य माल्कमच्या पुस्तकात आहे, पण बोलणारा माल्कम नाही.

पुस्तक म्हणजे ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’, दोन खंड, लंडन, १८२३. होळकर घराण्याच्या हकिकतीत अहिल्याबाईंच्या तीस वर्षांचा भाग आला की माल्कमचा हात सैल सुटतो. एरवी महसूल, टोळ्या आणि तह यांत रमणारा हा लष्करी माणूस एका बाईच्या दिनक्रमाबद्दल पानंच्या पानं लिहितो. याच भागात तो एका जाणत्या ब्राह्मणाशी झालेलं बोलणं देतो. प्रश्न माल्कमचा होता आणि थोडा तिरकस होता. जगन्नाथपुरी, द्वारका, केदारनाथ, रामेश्वर, सगळी ठिकाणं बाईंच्या राज्याबाहेरची. तिथल्या देवळांवर, धर्मशाळांवर, दक्षिणेतल्या देवांच्या अभिषेकासाठी गंगाजलाच्या कावडी पाठवण्यावर इतका पैसा गेला. तो फौजेवर घातला असता तर जास्त शहाणपणाचं झालं नसतं का?

ब्राह्मणाने उलट विचारलं: दुप्पट पैसा फौजेवर घालून तीस वर्षं मुलूख असा शांत राहिला असता का? पुढे तो म्हणतो की बाईंच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नाही. पण नुसत्या व्यवहारी माणसाने डोकं लढवलं असतं तरी याहून चांगला उपाय त्याला सुचला नसता. त्यांच्या कारभाराच्या अखेरच्या वर्षांत आपण पुण्याला एका मोठ्या कचेरीत होतो, त्यांचं नाव निघालं की लोकांना काय वाटायचं ते आपल्याला ठाऊक आहे. मराठी सरदारांपैकी कुणी त्यांच्याशी वैर धरणं म्हणजे पाप मानलं गेलं असतं. निजाम आणि टिपू हेही पेशव्यांइतकाच मान त्यांना देत. आणि मग, सगळ्यात शेवटी, ते मुसलमानांच्या प्रार्थनेचं वाक्य.

म्हणजे माझा ‘शत्रू साक्षीदार’ पुण्याच्या दफ्तरातला एक ब्राह्मण निघाला. बाईंना जाऊन पाव शतक लोटल्यावर, त्यांच्यावर झालेल्या आक्षेपाला उत्तर देताना, एका इंग्रज अधिकाऱ्यासमोर तो बोलत होता. माळव्यातली मशीद त्याने पाहिली होती की नव्हती, हे त्या बोलण्यात नाही. टिपूचं म्हणाल तर १७८६ च्या कर्नाटक मोहिमेत बाईंच्या फौजेचे सेनापती तुकोजी होळकर स्वतः मराठी फौजेबरोबर टिपूवर चालून गेले होते. तेव्हा त्या ‘माना’चं वजन जरा जपूनच करायला हवं.

वाक्य टाकून द्यायचं का मग? दोन दिवस मला तसंच वाटलं. नंतर लक्षात आलं की साक्ष बदलली तरी कागद मुका होत नाही, वेगळं काही सांगू लागतो. पुण्याच्या एका कर्मठ वळणाच्या कारकुनाला आपल्या धर्माच्या राज्यकर्तीची थोरवी परक्या माणसाला पटवायची आहे. देवळं किती बांधली, ब्राह्मण किती जेवले, ही यादी त्याच्याकडे तयार असणारच. ती तो देत नाही. परधर्माची माणसं तिच्यासाठी दुवा मागत, हे तो ठेवणीतलं नाणं म्हणून शेवटी बाहेर काढतो. मुसलमान काय करत याचा हा पुरावा कच्चा आहे. पण १८२० च्या आसपास पुण्याच्या ब्राह्मणाला राज्यकर्त्याची सगळ्यात मोठी शोभा कशात वाटत होती, याचा पुरावा म्हणून पक्का.

आता माल्कमकडे वळू. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या बर्नफूट गावी १७६९ साली जन्मलेला, शेतकऱ्याच्या घरातल्या सतरा भावंडांपैकी एक. मिसरूड फुटायच्या आत कंपनीच्या मद्रास फौजेत शिरला. फारसी शिकला, इराणच्या शहाकडे वकील म्हणून जाऊन आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला शिप्रेच्या पात्रातून होळकरांच्या तोफांवर जी चाल झाली तिचं पुढारपण त्याचं. पुढे पंधरा-सोळा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरला तह झाला. होळकरांच्या बाजूने तात्या जोग, कंपनीच्या बाजूने हाच. त्यानंतर होळकरांची राजधानी कायमची इंदुरात आली आणि माल्कमने महूला छावणी वसवली. तिथे तो अर्जदारांना मधल्या कुणाच्याही वशिल्याशिवाय भेटे. आपल्या घराला चार दरवाजे आहेत आणि चारही उघडे आहेत, अशी त्याची फुशारकी होती. माळवा सोडून जाईपर्यंत म्हातारी माणसं, कमाविसदार, सावकार, भिल्लांचे नाईक यांच्याकडून त्याने जे ऐकलं ते टिपून घेतलं.

त्याचा हेतू निर्मळ होता असं मी म्हणत नाही. नव्या मुलखावर कंपनीने हलक्या हाताने राज्य करावं, जुनी घराणी आणि जुन्या रीती शक्य तो मोडू नयेत, असं त्याचं मत होतं. कमी फौजेत, कमी करात, लोकांच्या मर्जीने तीस वर्षं चाललेलं राज्य त्याला दाखल्यासाठी हवंच होतं. अहिल्याबाई त्याच्या युक्तिवादाच्या सोयीच्या होत्या. चुकाही आहेत. कारभार हाती आला तेव्हा बाई तिशीच्या होत्या आणि साठीत वारल्या, असं तो लिहितो. आपल्या हिशेबाने जन्म १७२५ चा, मृत्यू १३ ऑगस्ट १७९५ चा. सत्तर वर्षं पुरी. दहा वर्षं साहेबाच्या दौतीत सांडली.

पण एका गोष्टीसाठी मी या माणसाला मानतो. त्याला स्वतःच्याच साहित्याचा संशय आला. बाईंचं गुणगान करणारे बहुतेक सगळे त्यांच्या पंगतीला जेवलेले, त्यांच्या दानावर पोसलेले. तेव्हा हे चित्र जास्तच रंगवलेलं असणार, हे त्याला दिसत होतं आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. मग तो बाईंच्या राजधानीची, महेश्वरची, जुनी व्यवस्था पाहिलेल्या भारमल दादाकडे गेला, वीस वर्षांहून जास्त इंदूरची कमाविशी केलेल्या खंडेरावाच्या हकिकतीकडे गेला आणि ज्यांना बाईंच्या दानाशी काही देणंघेणं नव्हतं अशा थरांतही चौकशी केली. खंडेरावाची गोष्ट मला विशेष वाटते: रयत राजी असेल तोवरच माझी मर्जी, असं बाईंनी त्याला बजावलं होतं. इतकी चौकशी करूनही रंग उतरला नाही, उलट चढला, अशी कबुली माल्कम देतो. बाईंनी आपला मुलगा मालेराव याला मारवलं असा एक प्रवाद तोवर पसरला होता. ही तोहमत फार जड आहे म्हणून आपण ती मुद्दाम खोलात जाऊन तपासली आणि बाई निर्दोष आहेत अशी खात्री झाली, असं तो सांगतो.

मालेरावाची गोष्ट त्याने लोकांच्या तोंडून जशी ऐकली तशी दिली आहे. मालेरावाने एका कशिदा काढणाऱ्याला संशयावरून मारलं, माणूस निरपराध निघाला आणि त्याचं भूत मालेरावाच्या अंगात शिरलं. आई रात्रंदिवस बिछान्याशी बसून त्या भुताची आर्जवं करत होती: तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना इनाम देते, पण पोराला सोड. उत्तर आलं की मला विनाअपराध मारलंय, मी याचा जीव घेणार. १७६७ साली मालेराव गेला. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या एका बाईची ही गोष्ट म्हणून माल्कम ती सांगतो. मला तिच्यात दिसते ती राजघराण्यातली बाई, मेलेल्या एका कारागिराशी वाटाघाटीला बसलेली आणि आपल्या मुलाचा गुन्हा आधीच कबूल केलेली.

जाता जाता एक गंमत. आनंदीबाई पेशवे देखण्या म्हणून नावाजलेल्या. अहिल्याबाईंची कीर्ती ऐकून त्यांनी एका दासीला त्यांना पाहून यायला पाठवलं. दासीने परत येऊन सांगितलं की नाकीडोळी सुंदर नाहीत, पण मुद्रेवर देवाचं तेज आहे. पण सुंदर नाहीत ना, एवढं ऐकून आनंदीबाईंचं समाधान झालं. पानभर स्तुतीनंतर माल्कम ही गोष्ट घालतो, तेव्हा साहेब मिशीत हसला असेल असं वाटतं.

दिनक्रम असा दिलाय. पहाटेआधी घटकाभर उठणं, पूजा, ठरलेला वेळ पुराणश्रवण, दानधर्म, आपल्या हाताने ब्राह्मणांना वाढणं आणि मग स्वतःचं जेवण, शाकाहारी. त्यांच्या जातीला मांसाची बंदी नव्हती, बाईंनी आपण होऊन ते सोडलं होतं. पुन्हा प्रार्थना, जराशी विश्रांती, दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो दिवस मावळेपर्यंत. दोन-तीन तास पूजा आणि थोडासा फराळ. रात्री नऊला पुन्हा काम, अकरापर्यंत. पांढरं वस्त्र, बारीक काठाचं. दागिना म्हणजे गळ्यात एक माळ.

त्याच दमात आणखी एक चित्र येतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत मोलाचं. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यारस्त्यावर पाणके उभे. हिवाळ्यात आश्रितांना कपडे. महेश्वरच्या आसपास भर दुपारी नांगराला जुंपलेले बैल मध्येच थांबवले जात आणि सरकारी पोशाखातले नोकर त्यांना पाणी पाजून जात. शेतकरी पाखरांना हाकलतो, मग पाखरांनी खायचं कुठे, म्हणून उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन पाखरांसाठी सोडलेली. नर्मदेतल्या माशांचाही वाटा होता. बैल कुणाच्या मालकीचा हे पाजणारा विचारत नव्हता. निमाडच्या त्या उन्हात ज्याने एकदा महेश्वर पाहिलंय त्याला जुंपलेल्या बैलाच्या तोंडाशी आलेल्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता ते अडलेलं वाक्य. या सगळ्याचा गोषवारा करताना माल्कमची लेखणी एका जागी अडखळते. बाई धर्माच्या बाबतीत कडव्या होत्या असं तो म्हणतो, आणि लगोलग म्हणतो की असहिष्णुता मात्र त्यांच्या ठायी नव्हती. अंधश्रद्धा मनात खोल रुजलेली, असं एका अंगाला. आणि त्या श्रद्धेतून आजूबाजूच्यांच्या भल्याशिवाय काही निघालं नाही, असं दुसऱ्या अंगाला. त्याने वापरलेल्या ‘बिगट’ या इंग्रजी शब्दात दुसऱ्या धर्माचा तिटकारा आधीच भरलेला आहे. तिटकारा वजा केला तर तो शब्द उरत नाही. तरी त्याने तो वजा केला, कारण दुसरा शब्द त्याच्यापाशी नव्हता.

का नव्हता, ते त्याच्या देशाकडे पाहिलं की कळतं. हे पुस्तक छापलं त्या साली ब्रिटनमध्ये रोमन कॅथलिक माणसाला पार्लमेंटात बसता येत नव्हतं. आयर्लंडमधून डॅनियल ओकॉनेल १८२८ साली निवडून आला तरी त्याला जागा घेता येईना. तो कायदा बदलला १८२९ मध्ये. एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्यांची ही तऱ्हा. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाला धर्म जितका घट्ट तितका दुसऱ्याचा दुस्वास घट्ट, हे गणित शिकवावं लागत नसणार. महेश्वरला ते चुकलं. त्याने आपलं गणित खोटं ठरवलं नाही, पण उत्तर जुळत नाही हे लपवलंही नाही.

मराठी वाचकाला हे वाक्य फारसं अडत नाही. इंदूरच्या रामबागेत काय किंवा पुण्याच्या शनिवारात काय, प्रत्येकाच्या घराण्यात एक कर्मठ आजी असतेच. आमची आजी सोवळ्यात असताना आम्हा नातवंडांनाही शिवू देत नसे. कापडाचं गाठोडं घेऊन येणारे बोहरी चाचा ओसरीवर टेकले की त्यांना चहा दिल्याशिवाय ती उठू देत नसे, आणि रमजानात ते आले तर स्वतःही त्यांच्यासमोर पाणी पीत नसे. चाचांचा कप मात्र वेगळा असायचा, कोनाड्यातला. तो कप मी या लेखातून गाळू शकत नाही. कर्मठपणातली माया अंतर ठेवून असते. माल्कमच्या दिनक्रमाकडे पुन्हा पाहा: ब्राह्मणांना बाई रोज आपल्या हाताने वाढत, अगदी खालच्या जातींना जेवण सणावारी.

शिवाय जे माल्कमला नवल वाटलं ते मराठी छावणीत रोजचं होतं. टॉमस ब्रॉटन नावाचा अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत राजपुतान्यात हिंडत होता. त्याची पत्रं पुढे छापली गेली. त्यांत मोहरमचं वर्णन आहे: मराठे सरदार ताबूत करतायत, हिंदू घरातली माणसं फकीर होतायत, आणि खुद्द शिंदे हिरव्या वेषात ताबुतांच्या दर्शनाला फिरतायत. होळकरांकडे पाहिलं तर यशवंतरावांचा उजवा हात अमीरखान पठाण. याच्या फार मोहात पडू नये. हीच लष्करं गाव लुटताना घरमालकाचा धर्म विचारत नसत, तीही एक समदृष्टीच. आणि ज्या राजवाड्यासमोर आम्ही हार घालतो त्याचा दर्शनी भाग तेवढा जुना उरलाय. मागचा लाकडी वाडा १९८४ मध्ये शीखविरोधी दंगलीच्या आगीत गेला. आज दिसतो तो पुन्हा उभारलेला.

काशीचा विषय टाळला तर हे लेखन खोटं होईल. जून १७४२ च्या एका मराठी पत्रात बाईंचे सासरे मल्हारराव यांचा मनसुबा नोंदला आहे: ज्ञानवापीची मशीद पाडून विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा करावं. त्याच पत्रात काशीच्या पंचद्रविड ब्राह्मणांची धास्तीही आहे. बादशहाच्या हुकमावाचून असं काही झालं तर मार आपल्यालाच बसेल, ही त्यांची चिंता होती. म्हणजे मल्हाररावांना आडवे आले ते हिंदूच, आणि ते भीतीपोटी. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, १७८० च्या सुमाराला, सुनेने देऊळ बांधलं ते मशिदीशेजारच्या जागेवर. मशीद होती तिथेच राहिली. यात सासऱ्यापेक्षा सुनेचं मन मोठं होतं असं वाचायचं, की सून जास्त व्यवहारी होती असं, हे ज्याने त्याने ठरवावं. माझा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे. पुण्याचा तो ब्राह्मणही श्रद्धा आणि व्यवहार असे दोन कप्पे करत नव्हता, हे मात्र विसरू नये.

बाईंनी स्वतःच्या श्रद्धेला कधी प्रश्न केला का? कागदांत तशी एकच जागा मला दिसते, आणि ती त्यांची लेक मुक्ताबाई हिची. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी पदर पसरून त्यांना मागे फिरवलं, अशी होळकरांच्या घरची हकिकत आहे. सदतीस वर्षांनी, १७९१ मध्ये, जावई यशवंतराव फणसे महेश्वरी वारला. मुक्ताबाईचा एकुलता मुलगा आधीच गेला होता. ती सती जायला निघाली. आता पदर पसरायची पाळी अहिल्याबाईंची होती.

माल्कमने हा प्रसंग पाहिलेल्या माणसांकडून घेतलाय. आई लेकीपुढे धुळीपर्यंत नमली. लेकीचं म्हणणं शांत होतं: तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांनी तू जाशील, मग मी जगायचं कशासाठी, आणि तेव्हा मानाने मरायची वेळही निघून गेलेली असेल. या उत्तरावर धर्मशास्त्रातून देण्यासारखं काही बाईंपाशी नव्हतं. शास्त्र मुलीच्या बाजूचं होतं. मग त्या चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी दोन्ही दंड धरले होते. ज्वाळा उठेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. पहिला भडका झाला तशी धीर सुटला. लोकांच्या जयजयकारात त्यांच्या किंकाळ्या मिसळल्या, आणि धरलेले हात सुटेनात म्हणून त्या स्वतःचेच हात दातांनी चावू लागल्या. सगळं शांत झाल्यावर नर्मदेत स्नान केलं. तीन दिवस वाड्यात जवळजवळ अन्नावाचून, एक शब्द न बोलता. नंतर मुलीची आणि जावयाची छत्री बांधायला घेतली.

पुढे सतीबद्दल बाईंनी काही बदल केला, असं माल्कम लिहीत नाही. शाकाहार आपल्या मर्जीने पत्करणारी, हुकूम स्वतःच्या नावाने न काढता श्रीशंकराच्या नावाने काढणारी ही बाई. रूढीने तिच्याकडून लेक मागितली तेव्हा तिने ‘नको’ म्हटलं, रडून म्हटलं, आणि मग रूढीला वाट दिली. परधर्मी माणसाबद्दल जी माया तिला कठीण गेली नाही ती स्वधर्माकडून स्वतःसाठी मिळवणं तिला जमलं नाही. माल्कमच्या वाक्यातला ‘बिगट’ हा शब्द कुठे खरा ठरत असेल तर इथे.

आणि हे सगळं देवीपणाच्या चौकटीत बसवायला गेलं की कागद हट्टाने बाहेर येतात. पेशव्यांची बातमीदार मंडळी महेश्वरला बसलेली असत. केसो भिकाजी दातार हे त्यांतलं ठळक नाव. ही बातमीपत्रं पारसनिसांनी १९१० मध्ये छापली. ती वाचताना पैशाच्या हिशेबावरून तुकोजींशी वर्षानुवर्षं तंटणारी, माणसं पारखून घेणारी, खजिन्याची किल्ली कुणाला न देणारी बाई दिसते. इतिहासकार जदुनाथ सरकारांनाही मूळ पत्रं पाहिल्यावर त्यांची धार्मिक प्रतिमा बाजूला ठेवून मुरब्बी राजकारणी म्हणून नोंद करावी लागली. लूटमार करणाऱ्या भिल्लांशी आधी गोडीने वागून पाहिलं, जमलं नाही तेव्हा काही म्होरक्यांना ठार केलं, आणि मग घाटातून जाणाऱ्या मालावरचा त्यांचा परंपरागत हक्क, भिलकवडी, मान्य करून वाटसरूंच्या रखवालीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. दया होती, पण भाबडी नव्हती.

महेश्वरच्या मागांवर आज मोमीन विणकरांची पोरं बसलेली दिसतात. आमच्या पूर्वजांना बाईंनी आणून वसवलं, असं ती घरं सांगतात. घाटाच्या दगडांवरची नक्षी साडीच्या काठात उतरली, हेही तिथेच ऐकायचं. मी गेलो होतो तेव्हा एका मागावर बाईंची तसबीर टांगलेली होती आणि शेजारी मक्केचं कॅलेंडर. तसबिरीला हार नव्हता, पण काच पुसलेली होती. यापुढे भाषणात सांगायचं झालं तर माल्कमच्या तोंडी घातलेल्या वाक्याऐवजी मी ही काच सांगेन.

त्या पुण्याच्या ब्राह्मणाचं नाव माल्कमने दिलेलं नाही. आणखी एका ब्राह्मणाचंही नाही. याने बाईंच्या स्तुतीने भरलेला एक ग्रंथ रचला आणि महेश्वरला येऊन वाचून दाखवला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मी एक दुबळी पापी बाई, या स्तुतीला कुठली लायक, असं म्हणून त्यांनी पोथी नर्मदेत टाकायला सांगितली, आणि कर्त्याकडे पुन्हा पाहिलं नाही. त्यांच्या हयातीत, त्यांना पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं ते चरित्र. आम्हा कागद शोधणाऱ्यांसाठी ते घाटाखाली कुठेतरी गाळात आहे, आणि हाती उरलाय तो महिदपूरच्या तोफा घेणारा साहेब.